पहिल्या फेरीला घरचं माणूस

काळजी करणं हा माझा मूळ धंदा. मोटारदुरुस्ती मी नंतर शिकायला घेतली. लहानपणी गुरं बांधून घरात आलो, की दाव्याची गाठ नीट बसली ना हे बघायला मी भरल्या ताटावरून उठायचो. आई म्हणायची, "जेव रे मेल्या, गाय काय पळून नाय जात." गाय कधीच पळाली नाही, पण बघून आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. अशा माणसानं मोटारीच्या ब्रेकला हात लावूच नये. पण मला कोण अडवणार होतं? मी लावला.

लढाईचे दिवस होते. लढाई आमच्यापासून लांब होती, पण पेट्रोल गायब झालं होतं आणि उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसची मोठाली पिंपं बसवली होती. कोळसा आमच्याच रानातला. सकाळी पिंप पेटवायचं, हातानं पंखा फिरवून गॅस करायचा, मग कुठं मोटार खोकत खोकत निघायची. त्यात जाणते मेकॅनिक लष्करी गाड्यांवर गेलेले. मोटार बंद पडली की पडली. आठवडा आठवडा रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि गावातल्या कोंबड्या तिच्या सावलीला बसायच्या.

शेवटी शहापुरातल्या काही मंडळींनी एकत्र येऊन मोटारदुरुस्तीचा वर्ग काढला. बंद पडलेली एक भाताची गिरणी मिळाली, कोणीतरी जुनी लॉरी दिली, आणि मुंबईच्या कारखान्यात उभी हयात घालवलेले एक मिस्त्री शिकवायला आले. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. आम्ही सगळी मराठी सातवी झालेली, शेतकऱ्यांच्या घरची पोरं. तांदूळ ज्यानं त्यानं घरून आणायचे, पाळीपाळीनं भात शिजवायचा आणि गिरणीतच अंग टाकायचं. माझं गाव वैशाखऱ्याजवळ, म्हणजे मुरबाडच्याही पुढं, त्यामुळे शहापूर मला परमुलूखच वाटायचा. पहिले काही दिवस मला बोल्ट आणि नट यातला फरकसुद्धा विचारायची लाज वाटत होती.

मास्तर अंगानं काडी, पण आवाज असा की गिरणीचे पत्रे वाजावेत. रागावले की शिवी देत नसत, नुसतं हातातलं काम काढून घेत. ते शिवीपेक्षा वाईट. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी आमचा ब्रेकवर घालवला. इंजिन चाललं नाही तर माणूस पायी घरी जाईल, ब्रेक लागला नाही तर घरीच जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या त्या जुन्या लॉरीचे ब्रेक दांड्यांवर चालत. पेडल दाबलं की खालचे लोखंडी दांडे ओढले जात आणि चाकं आवळली जात. दांडे जिथं जोडलेले, तिथं एकेक खिळा, आणि खिळा निसटू नये म्हणून त्याच्या भोकात एक बारीक दोन पायांची पिन. पिन घातली की तिचे दोन्ही पाय वाकवायचे. वाकवले नाहीत, तर खडबडीत रस्त्यावर पिन गळते, मग खिळा गळतो, मग दांडा लोंबकळायला लागतो आणि पेडल दाबून काही उपयोग नसतो. "डोळा फसतो," मास्तर सांगायचे. "अंगठ्यानं दाबून बघ आणि मोठ्यानं सांग." मग लॉरीखाली उताणा पडलेला पोरगा ओरडायचा, "वाकली!" आणि बाहेर उभा असलेला जोडीदारही तसंच ओरडायचा. पाण्याला जाणाऱ्या बायका ते ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या.

दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्यानं ब्रेक बांधले, त्यानं पहिल्या फेरीला घरचं माणूस गाडीत बसवायचं. दोस्त नाही, शेजारी नाही, रक्ताचं माणूस. आणि ते आपल्या मनानं बसलं पाहिजे. मास्तर स्वतः पिना तपासत नसत. "मी तपासल्या तर काम माझं झालं," म्हणायचे. फेरी शहापूरहून मुरबाडच्या बाजाराला, मधल्या खिंडीतून. खिंडीचा उतार थेट नदीला भिडतो. वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. तो उतार सुखरूप उतरला, की मास्तर म्हणायचे, "याच्याकडे गाडी द्या." आमचं सर्टिफिकेट म्हणजे एवढं वाक्य.

कोणी आजोबांना आणलं, ते उतारभर घोरत होते. एकानं मोठ्या हौसेनं सासू आणली. मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि जावयाला म्हणाले, "गाढवा, सासूला बसवायला छाती कशाला लागते? आईला आण." बिचाऱ्याला आईला आणावं लागलं. आम्ही पोट धरून हसलो. पण पुढची पाळी माझी होती.

माझ्या पाळीवर बरंच काही टांगलेलं होतं. मुरबाडच्या एका सर्व्हिसवाल्याला मेकॅनिक हवा होता आणि मास्तर ज्याचं नाव घेतील त्यालाच तो ठेवणार होता. मास्तरांनी नाव घेतलं तर मी मोटारीचा माणूस. नाही घेतलं तर गाठोडं बांधून परत वैशाखऱ्याकडं, बाबांच्या बैलगाडीवर.

आणि बाबांचाच तर घोळ होता. शेती जेमतेम, म्हणून ते गाडीनं भाडं मारायचे. मुरबाडहून कल्याणला भात न्यायचा, गवत न्यायचं, कधी कोळशाची पोती. मोटारी आल्या तशी त्यांची भाडी कमी झाली होती, आणि लढाईनं मोटारी बंद पडल्यावर पुन्हा वाढली होती. म्हणजे मोटारी बंद पडल्या की आमच्या घरी चूल नीट पेटे, आणि त्यांचा पोरगा मोटारी चालू करायला शिकत होता. त्यांनी मला शहापूरला जाऊ दिलं हेच नवल. अडवलं नाही, पण निघताना पाठीवरून हातही फिरवला नाही. स्वतः ते जन्मात कधी मोटारीत बसले नव्हते. रस्त्यात मोटार समोरून आली की बैलांच्या तोंडापुढं उभे राहायचे आणि ती जाईपर्यंत तिच्याकडं पाठ करायचे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा विषय काढायला मला भाऊबीजेपर्यंत धीर झाला नाही. बाबा अंगणात गाडीच्या कण्याला वंगण लावत होते. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो, उगाच वंगणाचा डबा इकडचा तिकडं केला आणि एका दमात नियम, खिंड, बाजाराचा दिवस, सगळं सांगून टाकलं.

"मी नाय बसायचा," ते म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, दुसरा कोण हाये मला?"

"नाय म्हटलं ना."

दारातून आई म्हणाली, "मी बसते. मला काय होतंय? उतार तर उतार."

तेव्हा मात्र बाबा उठले. "तू? घरातलं कोणी बसायचं नाय त्या कोळशाच्या भट्टीत. शिकतोय तर शिकू दे. आमाला कशाला बसवतंय?" आणि फडक्याला हात पुसत गोठ्याकडं गेले. मला वाटलं, झालं, संपलं. बाबांना माझ्यावर राग आहे, आणि तो वाजवी आहे, म्हणून मला उलट बोलताही येईना. राग गैरवाजवी असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

शहापूरला परत आलो ते तोंड पाडूनच. मास्तरांनी विचारलं, "कोण येतंय?" मी म्हटलं, "येईल कोणीतरी." ते "बरं" म्हणाले आणि लॉरीकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी मुरबाडचा बाजार होता. आज अंधार पडायच्या आत ब्रेक बांधून व्हायला हवे होते.

काम चांगलं चाललं होतं, हे मी आजही सांगेन. चाकं उतरवली, आतली ब्रेकची अस्तरं बसवली, दांडे घासून पुसून लावले. माझा जोडीदार किन्हवलीकडचा, बोलका, सतत काहीतरी चघळणारा पोरगा. तो बाहेर उभा राहून माझ्या आवाजाला आवाज देत होता. पुढचे दांडे झाले. मागच्या उजव्या दांड्याची पिन मी भोकात घातली, आणि तेवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली, "वैशाखऱ्याहून मानूस आलाय रे तुज्याकडं!"

मी कसा लॉरीखालून निघालो मला कळलं नाही. डोकं चासीला आपटलं. धावत दाराशी गेलो. बाबा नव्हते. आमच्या गावचा एक म्हातारा होता, शहापूरला कामाला आलेला. आईनं त्याच्याकडं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली होती.

"बाबांनी काय सांगितलाय?" मी विचारलं.

म्हातारा आठवून आठवून म्हणाला, "बोलला, मी शहापूरला येत नाय म्हून सांग त्याला."

बस्स. एवढंच. भाकऱ्यांचं गाठोडं हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते मी डोकं आपटल्याच्या नावावर खपवलं. मग परत लॉरीखाली शिरलो आणि उरलेलं काम उरकलं. कसं उरकलं, ते देव जाणे.

सकाळी मी मास्तरांना खरं काय ते सांगितलं. "बाजाराची माणसं बसली आहेत, गाडी तर न्यावीच लागणार," ते म्हणाले. "खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊ. तिथवर तुझं कोणी आलं नाही, तर तुझ्या पिना काढायच्या आणि फेरी पार पडलेल्या दुसऱ्यानं बसवायच्या. तो आपल्या जबाबदारीवर उतरवेल." माझं केलेलं काम सगळ्या बाजारकरांसमोर उपटून दुसऱ्याच्या हातात देणार! माझ्या कानशिलात कोणी वाजवली असती तरी चाललं असतं.

आम्ही निघालो. मास्तर चालवत होते, मी त्यांच्या पलीकडच्या दाराला धरून पायरीवर उभा होतो. ज्याची फेरी त्यानं पायरीवर उभं राहायचं अशी रीत होती. त्यांच्या शेजारची जागा घरच्या माणसाची, ती रिकामी. मागं भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, एक कोंबडेवाला, दोन-तीन म्हातारे आणि आमच्या वर्गातली पोरं. खिंडीच्या चढाला लॉरीचा दम संपला तेव्हा गडीमाणसं उतरून चालायला लागली. मी पायरीवरून उतरून बाजूनं चालत होतो आणि मनात एकच चाललं होतं: माथा येऊच नये. हा चढ असाच संध्याकाळपर्यंत चालू राहावा.

माथा आला. आणि माथ्यावर, रस्त्याच्या कडेच्या आंब्याखाली, बाबा उभे होते.

अंगात लग्नाकार्याला घालायचा सदरा, डोक्याला धुतलेलं मुंडासं, हातात काठी. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. ते वैशाखऱ्याहून मुरबाड, मुरबाडहून नदी ओलांडून हा उतार पायी चढून आले होते. कधी निघाले असतील कोण जाणे.

"बाबा! तुमी तर शहापूरला येत नाय बोलला होता."

"नायच आलो," ते म्हणाले. "तिथवर कशाला येऊ? जिथं मरायचं तिथंच बसतो की."

मागच्या बायका खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "काका, मरायचं तर आमाला उतरवून मरा, माज्या पाटीत वांगी हायेत." मास्तरांनीसुद्धा मान खाली घालून हसू लपवलं. मग रीतीप्रमाणे विचारलं, "आपल्या मनानं बसताय ना?" बाबांनी नुसती मान हलवली, काठी आत टाकली आणि मास्तरांच्या शेजारी ताठ बसले. माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत राहिले, आणि मला वाटलं, राग अजून गेलेला नाही. आईनं रडून भेकून पाठवलंय.

तरी माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं की नाही? मला हवं होतं ते माणूस येऊन बसलं होतं. पण मी कसला! बाबा बसले, उतरलेले गडी मागं चढले, मी पायरीवर चढलो, दार लागलं, मास्तरांनी पेडल दाबून बघितलं, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं: मागच्या उजव्या दांड्याची पिन.

ती मी भोकात घातली. मग हाक आली. मग मी पळालो. परत आल्यावर मी काय केलं? तिला अंगठा लावला का? "वाकली" म्हटलं का? मी डोळे मिटून आठवायला लागलो. मला म्हातारा आठवत होता, भाकऱ्यांचं गाठोडं आठवत होतं, त्यातल्या सुकटीचा वास आठवत होता. पिन आठवत नव्हती.

गाडी उताराला लागली होती. मी पायरीवरून मागं वाकून जोडीदाराला ओरडलो, "काल मागच्या उजवीला मी आवाज दिला का रे?"

तो ऊस चघळत होता. "दिला असशील," म्हणाला.

"असशील म्हंजे?"

"दिलास बहुतेक!"

बहुतेक! माझा बाप लग्नातला सदरा घालून पुढं बसलाय, मागं बायामाणसं, आणि ब्रेक बहुतेक आहे! पहिलं वळण आलं, मास्तरांनी पेडल दाबलं, गाडी सावकाश वळली. लागला ब्रेक. मी स्वतःला समजावलं, अरे लागतोय ना, मग? पण पिन काही पहिल्या वळणावर गळत नाही. हादरे बसत बसत, हलत हलत गळते. पुढच्या वळणावर गळेल. मी बाबांकडं बघितलं. ते तसेच, दगडासारखे. दुसरं वळण. पुन्हा ब्रेक लागला, आणि मला खालून आवाज ऐकू आला. टक. टक. टक.

लोखंडावर लोखंड आपटत होतं. दांडा सुटला, दुसरं काय? आता पुढं खरा उतार, सरळ नदीवर जाणारा. सांगावं? सांगितलं तर बाबांसमोर शोभा, मास्तरांसमोर शोभा, नोकरी गेली. नाही सांगितलं तर... माझं ठरायच्या आधीच माझा आवाज बाहेर पडला.

"थांबवा! मास्तर, गाडी थांबवा! ब्रेक गेलाय!"

मास्तरांनी पेडल दाबलं. गाडी थांबली.

मग कोंबडेवाला म्हणाला, "ब्रेक गेलाय, तर ही थांबली कशी?" आणि सगळ्या गाडीत हशा पिकला. मास्तरांनी हातब्रेक ओढला, खाली उतरून चाकांना दगड लावले आणि मला फक्त म्हणाले, "जा खाली."

मी लाल मातीत पालथा पडून आत शिरलो. मागचा उजवा दांडा जागेवर होता. खिळा जागेवर होता. पिनेला अंगठा लावला. दोन्ही पाय वाकलेले, घट्ट. दुसरी बघितली, तिसरी बघितली, एकूण एक बघितल्या. सगळ्या वाकलेल्या. मग टक टक काय होती? बाहेर येऊन बघतो तर मागच्या पिंपाला कोळसा ढवळायची सळई टांगलेली, गाडी हादरली की तीच हिंदकळून पिंपावर आपटत होती.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "सगळं बरोबर हाये."

मला वाटलं ते बोलतील, रागावतील. त्यांनी सळई एकदा बोटानं हलवून बघितली. मग म्हणाले, "तुझं काम बरोबर आहे आणि तुझाच त्याच्यावर भरवसा नाही. मग मी तुझं नाव कुठल्या तोंडानं घेऊ?" ते पुढं म्हणाले, "फेरी मोडली. खरा उतार अजून पुढंच आहे. इथून पुढं ती तुझी धरायची, तर घरच्या माणसानं पुन्हा आपल्या मनानं बसायला हवं. नाही बसलं तर तू पायी मुरबाडला ये."

तोवर मागं गडबड सुरू झाली होती. हसून झाल्यावर लोकांना हळूहळू भीती वाटायला लागली होती. ज्यानं ब्रेक बांधला तोच ब्रेक गेला म्हणून ओरडतोय, ही काही चांगली गोष्ट नव्हे. वांगीवाली पाटी डोक्यावर घेऊन उतरली. "आमी आपली चालत जातो गो बाय," ती दुसरीला म्हणाली, "नदी काय लांब नाय." बाकीच्या बायका उतरल्या, म्हातारे उतरले, कोंबडेवाल्यानं कोंबड्या उलट्या टांगून उतरणीची वाट धरली. आमच्या वर्गातली पोरंही एकेक करून उतरली. जोडीदार सगळ्यात शेवटी उतरला. "पाय मोकळे करतो जरा," म्हणाला. माझ्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

बाबाही केव्हाच उतरले होते. दरडीला टेकून उभे होते, काठी दोन्ही हातांत धरून. मी त्यांच्यापाशी गेलो. माझ्या सदऱ्याला, तोंडाला, केसांना माती लागली होती. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

"बाबा, तुमी नका बसू," मी म्हटलं. "जा चालत. मी येतो तुमच्यासंगती. उद्यापासून गाडीवर येतो तुमच्या. मला नाय जमायचं हे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. माझ्या केसातली माती झटकली, अगदी लहानपणी झटकायचे तशी, जरा जोरातच.

"खाली जाऊन बघितलास ना?"

"बघितला."

"बरोबर हाये?"

"हाये."

"मंग रडतंय कशाला?"

आणि ते चालत गेले. मास्तरांना वळसा घालून, उघड्या दारातून काठी आत टाकून, धोतराचा सोगा सावरून परत त्याच जागेवर बसले. सगळी गाडी रिकामी आणि पुढं एकटे बाबा.

मास्तरांनी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "काका, नीट सांगा. आपल्या मनानं बसताय?"

"मंग काय तुमच्या मनानं?" बाबा म्हणाले. "चला आता. बाजार उठल."

मास्तरांनी चाकांचे दगड काढायला लावले. सळई पिंपाला सुंभानं करकचून बांधली. मी पायरीवर चढलो आणि दाराची कड घट्ट धरली. गाडी सुटली. पुढचा उतार मी जन्मात विसरणार नाही. उजव्या अंगाला खोल खाली भाताची कापलेली खाचरं, त्यापलीकडं नदीचं पाणी, आणि मधे रोखायला गवताची काडी नाही. चालत निघालेली माणसं आम्हांला वाट द्यायला दरडीला चिकटून उभी राहत होती. वांगीवाली हात जोडून उभी होती. माझे डोळे रस्त्यावर होते. वळण आलं की मी श्वास धरायचो, ब्रेक लागला की सोडायचो, आणि पुढचं वळण दिसलं की परत धरायचो.

मधेच केव्हातरी माझ्या मनगटावर काहीतरी आवळलं गेलं. बाबांनी आतून हात घालून मला धरलं होतं. आधी मला वाटलं, मी पायरीवरून पडेन म्हणून धरलंय. मग मला तो हात जाणवला. थंडगार आणि ओला होता, आणि थरथरत होता. गाडी हादरत नव्हती तेव्हाही थरथरत होता. चिखलात अडकलेली भरली गाडी खांदा लावून बाहेर काढणारा तो हात. दिवाळीपासून ज्याला मी राग समजत होतो, तो राग नव्हताच. ते मोटारीला भीत होते. लहान पोर विहिरीला भितं तसे भीत होते, आणि कोणाला, आईलासुद्धा, ते सांगू शकले नव्हते.

शेवटचं वळण गेलं, रस्ता नदीशी सपाट झाला, मास्तरांनी गाडी पाण्याच्या अलीकडं उभी केली आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. मास्तर समोर बघतच म्हणाले, "याच्याकडे गाडी द्या म्हणून मी आजच सांगतो सर्व्हिसवाल्याला."

मला ते नीट ऐकूही आलं नाही. माझं मनगट अजून बाबांच्या मुठीत होतं आणि बोटं सुटत नव्हती. मी वाकून आत बघितलं.

"बाबा, सोडा आता. नदी आली."

तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले.